एका वेलांटीचा प्रवास

"बदलापूरला आठ-दहा दिवस? तिथं बघण्यासारखं काय आहे?" शेजारच्या वहिनींनी विचारलं.

"जंतू," मी म्हटलं.

वहिनींनी पुढं विचारलं नाही. मिरजेच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं काचेच्या बशांत जंतू वाढवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळं माझ्याकडून याहून बरं उत्तर मिळत नाही हे त्यांना ठाऊक आहे. लोक निवृत्तीनंतर केरळला जातात, काशीला जातात. मी बदलापूर, उल्हासनगर आणि अंबरनाथ करून आले, आणि केरळवाल्यांपेक्षा माझ्याकडं सांगण्यासारखं जास्त आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. फोटो मात्र फारसे नाहीत. आहेत ते बशांचे.

निमित्त होतं भाचीचं. माझ्या धाकट्या बहिणीची, सुषमाची मुलगी ऋतुजा उल्हासनगरच्या एका कॉलेजात एम.एस्सी. करते. औषधी झाडांचे अर्क काढायचे आणि त्यांच्यात काय ताकद आहे ते तपासायचं, हा तिचा विषय. तिनं फोन केला तो रडवेल्या आवाजात. "मावशी, कडं येईना गं."

"कुठलं कडं? हातातलं?"

"प्लेटमधलं!"

मी त्याच दिवशी पिशवी भरली. भडंगाचे दोन डबे, माझं जुनं भिंग आणि स्टीलची पट्टी.

बेलवली

सुषमाचं घर बदलापूर पश्चिमेला बेलवलीत, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून लांबवर डोंगराची रांग दिसते आणि जवळ समोरच्या बिल्डिंगमध्ये वाळत घातलेले कपडे. सोसायटीच्या पाइपचं काम निघाल्यामुळं त्या दिवसांत पाणी दिवसाआड होतं. घरात पिंप, बादल्या, कळशा, पातेली, एवढंच काय चहाची किटलीसुद्धा भरून ठेवलेली. आल्या आल्या सुषमानं मला पाण्याचं वेळापत्रक सांगितलं, मग पाणी दिलं. "आज आलंय. उद्या नाही. परवा. दिवसाआड आहे, लक्षात ठेव ताई, अंघोळ त्या हिशोबानं." आमच्या मिरजेत पाणी रोज येतं, फक्त कधी येईल ते विचारायचं नाही. कुठला त्रास बरा यावर आम्हा बहिणींचा पहिल्याच संध्याकाळी वाद झाला.

जेवणं झाल्यावर ऋतुजानं वही काढली आणि सगळं नीट सांगितलं. बारवी धरणाच्या वाटेवर डोंगराच्या कुशीत एक ठाकरवाडी आहे. तिथली सोमीबाय पोट बिघडलं की कुड्याची साल देते. आजूबाजूच्या चार वाड्यांतले लोक तिच्याकडं येतात. दसऱ्याच्या सुमाराला ऋतुजा तिथं गेली, तेव्हा सोमीबायनं वाळवलेल्या सालीची पुरचुंडी दिली आणि ती कशी घ्यायची हेही सांगितलं. ऋतुजानं त्या सालीचा स्पिरिटमध्ये अर्क काढला. पंचिंग मशीननं पाडलेल्या कागदाच्या टिकल्या त्यात बुडवल्या आणि पोट बिघडवणाऱ्या जंतूंनी भरलेल्या बशीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ गोल कडं! तेवढ्या जागेत जंतू वाढलेच नव्हते. पोरगी आनंदानं थेट वाडीवर जाऊन सांगून आली, "सोमीबाय, तुमचं औषध परीक्षेत पास झालं."

मग पुरचुंडी संपली. दुसऱ्या वेळी ऋतुजा गेली तेव्हा सोमीबाय भातकापणीला बाहेरगावी होती. म्हणून हिनं स्वतःच साल काढून आणली. तोच अर्क, तीच बशी, तेच जंतू. कडं नाही. तीनदा केलं, तीनदा नाही.

"मॅडम म्हणतात, एकदाच आलेलं कडं म्हणजे काहीच नाही. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर मांडायचं आहे. तोपर्यंत पुन्हा आलं तर ठीक, नाहीतर कुड्याचा काही परिणाम नाही असं लिहून विषय बदलायचा." तिनं वही मिटली. "विषयाचं जाऊ दे मावशी. तसं लिहिलं तर सोमीबायला काय तोंड दाखवू? मी त्यांना पास झालं म्हणून सांगून बसलेय."

सुषमा भांडी आवरता आवरता म्हणाली, "झाडपाल्याच्या मागं लागू नकोस म्हणून मी आधीच सांगितलं होतं. अंबरनाथच्या कंपनीत जागा आहे, ती घे म्हणावं."

खरं सांगायचं तर माझाही झाडपाल्यावर फारसा विश्वास नव्हता. हॉस्पिटलात मी काढ्यांनी बरे झालेले पाहिलेत आणि काढ्यांनी अॅडमिट झालेलेही. पण पोरीचा चेहरा बघवत नव्हता.

उल्हासनगर, कॅम्प १

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये पाऊल टाकलं आणि जंतू वाढवायच्या शिजलेल्या अगरचा तो वास आला. माहेरी आल्यासारखं वाटलं. मी ऋतुजाला हॉस्पिटलात नव्या पोरांना विचारायचे तसे प्रश्न विचारले. नुसत्या स्पिरिटची टिकली ठेवली होतीस का? ठेवली होती, तिच्याभोवती काही नाही. म्हणजे पहिलं कडं स्पिरिटचं नव्हतं. तुलनेसाठी दवाखान्यातल्या नेहमीच्या औषधाची टिकली? तिच्याभोवती दर वेळी कडं. म्हणजे जंतूही ठीक होते. पोरगी शिस्तीची निघाली. मला मनातून बरं वाटलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

मग तिनं अँटिऑक्सिडंटची परीक्षा दाखवली. कापलेलं वांगं काळं पडतं ना, तशी पदार्थांची नासाडी रोखण्याची ताकद एखाद्या अर्कात किती आहे हे बघायची ही सोपी रीत. एक जांभळं द्रावण असतं. त्यात अर्क टाकला की ताकदीप्रमाणं जांभळा रंग उडून पिवळट होतो. तिनं दुसऱ्या खेपेच्या सालीचा अर्क टाकला आणि माझ्या डोळ्यांसमोर तो रंग वितळत गेला. वय विसरून मी टाळी वाजवली.

"बघ, हे येतं," ऋतुजा म्हणाली. "कडं येत नाही."

म्हणजे सालीत काहीतरी होतं आणि काहीतरी नव्हतं. मला वाटलं, झाडच चुकलं असणार. कुड्याच्या नावाखाली दुसऱ्याच झाडाची साल खपते, हे मी ऐकून होते. खात्री करायला आम्ही कॅम्प एक नावाच्या वस्तीत एका काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आणि गल्ला यांच्यामध्ये फक्त वास मावतो. गादीवरच्या सिंधी गृहस्थांनी आमचं म्हणणं ऐकून घेतलं आणि दोन डबे समोर ठेवले.

"मौसी, ये कडवा कुडा, आणि हा मीठा. दिखने में सगे भाई, पण काम फक्त कडवावाला करतो."

"ओळखायचं कसं?"

"लॅब-बिब नंतर. पहले जबान." त्यांनी एक तुकडा घेतला, नखानं वरचा पापुद्रा खरवडून टाकला आणि आतला भाग माझ्या तळहातावर ठेवला. "चबाओ, साईं का नाम लेके."

मी चावला. कडूपणा जिभेवरून कानापर्यंत गेला आणि तिथंच मुक्कामाला राहिला. डोळ्यांत पाणी आलं. ऋतुजानं लगेच पिशवीतून तिच्या सालीचा तुकडा दिला. तोही चावला. "कडू आहे," मी जाहीर केलं. आता जीभ अशी सुन्न झालेली असताना मला साखरही कडूच लागली असती, हे माझ्या लक्षात आलं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर इतरांना आधी काय तपासायचं आणि नंतर काय हे शिकवलं, तिनं ही चूक केली. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

बाहेर आल्यावर ऋतुजानं मोठ्या कौतुकानं दाल पकवान खाऊ घातलं. कुरकुरीत पुरीसारखा पकवान, वर दाट चणाडाळ, चिंचेची चटणी, कांदा. मला सगळं कुड्यासारखं लागलं. शेजारच्या बाकावरची माणसं बोटं चाटत होती आणि मी त्यांच्याकडं बघत होते. उल्हासनगरला पुन्हा जायला एवढं कारण मला पुरेसं आहे.

वाडीवर

झाड बरोबर, स्पिरिट बरोबर, जंतू बरोबर. उरली सोमीबाय. शुक्रवारी सकाळी आम्ही रिक्षा करून बारवीच्या रस्त्याला लागलो. बदलापूरच्या नव्या बिल्डिंगांच्या जाहिराती संपल्या की एकदम भाताची कापलेली खाचरं सुरू होतात. हवेत पेंढ्याचा वास. आमच्याकडं या दिवसांत उसाच्या मोळ्यांच्या ट्रॉल्या असतात. इथं माणसं डोक्यावर भाताचे भारे घेऊन बांधावरून रांगेनं जात होती, आणि भाऱ्याखाली माणूस कोण ते दिसतच नव्हतं. रिक्षा शेवटच्या चढाला थकली. उरलेली वाट पायी, आणि त्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. ऋतुजानं केसांची रबरबँड काढून बांधली.

सोमीबाय अंगणात भात झोडत होती. बारीक, काटक, कपाळावर गोंदण. "आलीस गं पोरी? आन ही कोन?"

"माझी मावशी. मिरजेची."

"लांबशी दिसतं." एवढं बोलून तिनं सुनेला काळा चहा टाकायला सांगितला. मग तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी समोर आली. माझी जीभ एव्हाना ताळ्यावर आली होती, देवाची कृपा. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. आमच्या ज्वारीच्या भाकरीला मी जन्मभर नावाजत आले, पण ती गरम, मऊ, पांढरीशुभ्र भाकरी खाताना मी जरा गप्प बसले.

ऋतुजा मात्र खात नव्हती. ती काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि चटणीची चौकशी करायची. शेवटी मलाच राहवलं नाही. "बाई, तुमची साल नापास झाली," मी सांगून टाकलं.

सोमीबायचा हात थांबला. सून आतून बाहेर आली. मला वाटलं, आता ही बाई उठून जाणार.

"कोनची साल? मी दिली ती?"

"ती पास झाली होती. नंतर हिनं स्वतः काढली, ती नापास."

"हिनं काडली?" सोमीबाय उठली. "कंच्या झाडाची? दाखव मना."

घरामागच्या उतारावर कुड्याची झाडं होती. शेंगा जोडीजोडीनं लोंबत होत्या. ऋतुजानं एका झाडापाशी नेलं. त्याच्या खोडावर वीतभर जागेत करड्या सालीचे खरवडे काढलेले दिसत होते. सोमीबायनं त्यावरून हात फिरवला आणि कपाळाला हात लावला.

"आगं, ही वरची कशाला नेलीस? ही तं झाडाची चादर. आत तं तू शिवलीच नाय. सालीआड घेवाची, सांगलं व्हतं ना तुला!"

"हो ना," ऋतुजा म्हणाली. "म्हणूनच तर हे झाड निवडलं. गेल्या वर्षी याला कुणी हात लावला नव्हता. मी यांना विचारून घेतलं होतं." तिनं सुनेकडं बोट केलं, आणि सुनेनं मान डोलावली. "एक वर्ष सोडून. सालाआड."

"सालीआड."

"तेच. सालाआड."

"सालीआड गं!"

दोघी एकमेकींना समजावत होत्या आणि दोघींनाही दुसरी आपलंच म्हणतेय असं वाटत होतं. मी तीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात घालवली आहेत. कुठंतरी काहीतरी खटकलं. "ऋतुजा, वही काढ."

तिनं पान उघडलं. तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: साल सालाआड घ्यायची. ज्या घरात सकाळ उजाडते ती दिवसाआड पाण्याच्या हिशोबानं, तिथल्या पोरीनं 'सालीआड' ऐकून 'सालाआड' लिहावं, यात नवल कसलं?

"अगं, वर्षाआड नाही," मी म्हटलं. "सालीच्या आड. दाराआड माणूस उभं असतं तसं. वरच्या सालीच्या आत जी असते ती."

ऋतुजा वहीकडं बघत राहिली. मग खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सोमीबायला कळेना. मी समजावून सांगितलं, तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून एवढी हसली की सूनही पदर तोंडाला लावून हसायला लागली. मीही हसले, आणि मग आठवलं. कॅम्प एकमधल्या त्या गृहस्थांनी वरचा पापुद्रा खरवडून आतला तुकडा माझ्या तळहातावर ठेवला होता. उत्तर माझ्या हातात होतं आणि मी ते चावून खाल्लं.

सोमीबायनं कोयता आणला. दुसऱ्या एका झाडाशी जाऊन तिनं आधी कोयत्याच्या पाठीनं करडी साल खरवडली. आत फिकट, ओलसर थर निघाला, त्यातून दुधासारखा चीक आला. तेवढा थर तिनं हलक्या हातानं उभा सोलला, एकाच बाजूचा, चार बोटं रुंद. मग जखमेवर ओली माती थापली. "चारी बाजूंनी घेतली तं झाड मरंल," ती म्हणाली.

ऋतुजा वहीत आधीची ओळ खोडायला लागली. सोमीबायनं तिचा हात धरला. तिला वाचता येत नाही, पण खोडलेलं तिला कळलं.

"काय लिवलंय तिथं?"

"एक साल सोडून घ्यायची."

"मंग ऱ्हाऊ दे की. चांगलंच हाय ते. झाडाला सवड मिलंल." ती जरा विचार करून म्हणाली, "दोनी लिही."

ऋतुजानं काना तसाच ठेवला आणि खाली नवी ओळ लिहिली, वेलांटीची.

अंबरनाथ

साल वाळायला, अर्क उतरायला वेळ लागतो. आम्हाला काही करता येईना. अशा वेळी लॅबमध्ये बसलं की माणूस विनाकारण बाटल्या हलवतं. म्हणून ऋतुजा मला अंबरनाथचं जुनं शिवमंदिर दाखवायला घेऊन गेली. काळ्या दगडातलं, बाहेरून अंगभर कोरलेलं. गाभारा जमिनीखाली, पायऱ्या उतरून जायचं, आणि आत गारवा. मी देवभोळी नाही, पण खाली उतरल्यावर बोलावंसंच वाटलं नाही.

वर आलो तर कुठूनशी कारखान्याच्या वासाची झुळूक आली. ऋतुजा म्हणाली, "आई म्हणते ती कंपनी तिकडं. वाईट नाही गं. मैत्रीण आहे माझी तिथं. पण मला आधी हे संपवायचं आहे. मी सोमीबायला शब्द दिलाय."

"आणि कडं नाही आलं तर?"

"तर नाही आलं असंच लिहीन. आणि वाडीवर जाऊन तसंच सांगेन. मागच्यासारखी घाई नाही करणार."

त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला. तोंडानं मात्र मी म्हणाले, "चल, भूक लागली." आमच्याकडं कौतुक असंच करतात.

शेवटचं पान

पुढच्या शुक्रवारी सकाळी, नव्या सालीच्या टिकल्या ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी, लॅबमध्ये इनक्युबेटरसमोर आम्ही दोघी उभ्या होतो. ऋतुजा म्हणाली, "तू उघड." मी म्हटलं, "बशी तुझी." ती म्हणाली, "मला नाही बघवत." मी उघडलं.

बशी उजेडाकडं धरली. स्पिरिटच्या टिकलीभोवती काही नाही. औषधाच्या टिकलीभोवती मोठं कडं. वरच्या सालीच्या टिकलीभोवती काही नाही. आणि सालीआडच्या टिकलीभोवती कडं. औषधाहून लहान, पण स्वच्छ, काठ स्पष्ट. मी पट्टी लावून मोजलं. चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. मग दुसरी बशी, तिसरी बशी. तिन्हींत होतं.

माझ्या मिरजेच्या लोकांसाठी सांगून ठेवते. बशीतलं कडं म्हणजे औषध नव्हे. पोटात काय होतं ते बशीला माहीत नसतं. तेव्हा माझं वाचून कुणी कुड्याची झाडं सोलायला निघू नका. ही नुसती सुरुवात आहे, पण सुरुवात खरी आहे.

ऋतुजा मला मिठी मारून रडली, मीही रडले. दारातून डोकावणाऱ्या मॅडमना मी डोळ्यांत स्पिरिट गेल्याचं सांगितलं. त्यांनी तिन्ही बशा बघितल्या आणि म्हणाल्या, "उद्या हेच मांड. आणि माहिती कुणी दिली त्यांचं नाव पहिल्याच पानावर घाल." ऋतुजानं ते आधीच घातलं होतं.

मग तिनं सोमीबायच्या सुनेच्या मोबाइलवर फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडं भात झोडल्याचा धपधप आवाज येत होता.

"सोमीबाय, तुमची साल पास झाली! या वेळी तीनदा बघितलं, मगच सांगतेय."

धपधप थांबली.

"माझी साल तवाबी पासच व्हती," सोमीबाय म्हणाली. "या टायमाला तू पास झालीस."

ऋतुजानं ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. मी काने आणि वेलांट्या तपासून दिल्या.